नादारीची यादी

पावणेदोनचा गजर वाजला आणि खोलीतले सगळेच दचकले. दुसऱ्या पाळीचा गजर. दिनानाथची तुर्भ्याची कंपनी बंद पडून पाच महिने झाले होते, तरी घड्याळाला किल्ली द्यायची सवय सुटली नव्हती.

"ह्ये पन लिवतो," सिताराम म्हणाला. "घड्याल येक, चालू."

सिताराम बोनकोड्याचा, ठाण्याच्या एका वकिलाचा कारकून. नादारीच्या अर्जासाठी एका कागदावर घरातल्या वस्तूंची यादी आणि दुसऱ्यावर देण्यांची, अशी करायला तो वाशीला दिनानाथच्या घरी आला होता.

दिनानाथच्या बायकोने, जयमालाने, गजर बंद केला. न्हावा शेव्याला बंदराचं काम निघालं तेव्हा तिच्या भावाने, नामदेवने, खडी वाहायला कर्जावर ट्रक घेतला. दिनानाथ जामीन राहिला, तोही तिच्या शब्दाखातर. पुढे हप्ते थकले, ट्रक गेला, नामदेवही कुठे गेला कळलं नाही. कोर्टाचा जप्तीचा हुकूम मात्र पत्ता न चुकता इथे आला. आता पैसे भरा, नाहीतर तुरुंग; त्यातून सुटायला हा अर्ज.

"पण मी बसतो का नियमात?" दिनानाथने विचारलं.

"तर! फेडायची ऐपत नाय, ही पयली अट. मंग देनं पाचशेच्या वर, नायतं जप्तीचा हुकूम, नायतं मानूस पकडलेला. यातलं येक पुरतं. तुमचे दोन हायत."

"म्हणजे जन्मात पहिल्यांदा डिस्टिंक्शन."

एकटी त्यांची मुलगी मीना हसली. सहा वर्षांची ती घरभर फिरून वस्तू पुकारत होती. "पोळपाट! माझी उशी!"

"त्यांना कोर्ट हात नाय लावत, बाय. भांडी, अंथरून, आयचं मंगलसूत्र, सगलं तुमचंच." सितारामने मान वर केली. "वैनी, काय लपवलंव नाय ना? मागनं निंगालं तं अर्ज जाईल, वर यांच्यावर खटला. खाली शपथेवर सही हाय."

"काही नाही हो, लिहा तुम्ही," दिनानाथच म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

जयमाला स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. एकदा तिच्या शब्दावर त्याने सही केली होती. आज तिच्या गप्प बसण्यावर करणार होता.

तिने तूरडाळीचा डबा परातीत उपडा केला.

डाळीतून निघालेल्या चिंधीची गाठ सोडून तिने बाहेर येऊन दोन सोन्याच्या बिंदल्या यादीवर ठेवल्या. मीनाच्या बारशाला आजीने तिच्या मनगटांत घातलेल्या.

"तू तर म्हणाली होतीस, हरवल्या," दिनानाथ म्हणाला.

"हो. म्हटलं, पोरीचं तेवढं तरी राहू दे."

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने बिंदलीवरची डाळीची पूड अंगठ्याने पुसली आणि ती जपून खाली ठेवली.

"पोरीच्या म्हनून लिवतो," सिताराम हळूच म्हणाला. "वकीलसायेब मांडतील तसं. पन लिवायला पायजे."

लिहून झालं. दिनानाथने सही केली. सितारामने दोन्ही कागद वाळायला शेजारी शेजारी ठेवले.

मीना त्यांच्यावर ओणवी झाली. "आई, आपलं जे आहे ते या कागदावर?"

"हो."

"आणि द्यायचंय ते त्या?"

"हो गं."

मीनाने या कागदाकडे पाहिलं, त्या कागदाकडे पाहिलं.

"मग नामदेवमामा कुठल्या कागदावर लिहायचा?"