पानाखालच्या तीन ओळी

मित्रांनो, मी एक जुना ब्रेल एम्बॉसर आहे. मला शाई लागत नाही. माझ्या पोटातल्या बारीक हातोड्या जाड कागदावर ठिपके उठवतात आणि ज्यांना दिसत नाही ती माणसे ते ठिपके बोटांनी वाचतात. काम करताना पत्र्यावर गारा पडाव्यात तसा माझा आवाज होतो. म्हणून नांदेडच्या अंधांच्या वाचनालयात मला मागच्या खोलीत ठेवले आहे.

बारा वर्षे शेषेरावकाकांनी मला चालवले. दर शनिवारी ते माझ्यातली कागदाची धूळ ब्रशने काढत. शाळेची पुस्तके, भजनांच्या वह्या, एकदा तर लग्नाची पत्रिकाही मी छापली. पाहुणे आले की मला आधी दाखवले जाई. मग काका निवृत्त झाले. मुले पुस्तके मोबाईलवर ऐकू लागली. माझ्यावर चादर पडली ती दोन वर्षे कोणी काढली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुखेडहून अंबिकाताई आल्या. त्या लहानपणी नांदेडच्या शाळेत ब्रेल शिकल्या होत्या. आता वडिलांच्या घरात राहतात आणि ओसरीवर छोटे किराणा दुकान चालवतात. सोबत मोठा भाऊ भुजंग होता. शेतात तोच राबत होता, म्हणून शेतातला आपला वाटा त्याला सोडायला ताईंनी आनंदाने होकार दिला होता. वकिलाने लिहिलेला तसा कागद भुजंगच्या मोबाईलमध्ये होता. पण ताईंनी त्याला एकच अट घातली होती.

"सही माझी हाय, तर वाचणार बी मीच."

वाचनालयातल्या उज्वलाने माझ्यावरची चादर काढली आणि मला नव्या संगणकाला जोडून मोबाईलमधला कागद त्यात घेतला. मी खडखडलो. ताईंनी पान वाचायला घेतले आणि त्या लगेच थांबल्या. प्रत्येक ओळ उजवीकडे मध्येच तुटत होती. भुजंग म्हणाला, मशीन बिघडले आहे. उज्वलाने माझे झाकण उघडून पाहिले, कागद कुठे अडकला नव्हता. मग तिने संगणकातली पानाची मापे पाहिली. तिथे एका ओळीत चाळीस अक्षरे लिहिलेली होती. माझ्यात लावलेला कागद अरुंद होता, त्यावर बत्तीसच मावत होती. तिने आकडा बदलला.

दुसऱ्यांदा ओळी पूर्ण आल्या. पावणेदोन पाने झाली. नोंदणीचे कार्यालय बंद व्हायची वेळ जवळ आली होती, म्हणून भुजंग उठून उभा राहिला. ताईंचे बोट मात्र पहिल्या पानाच्या तळाशी गेले, दुसऱ्या पानाच्या वर आले, पुन्हा तळाशी गेले.

"हितं शेवटी 'तसेच' हाय," त्या म्हणाल्या. "अन् पुढच्या पानावर एकदम 'यावर माझा हक्क राहणार नाही' येतंय. मधी काय हाय?"

वकिलाची भाषा अशीच असते, असे भुजंग म्हणाला. ताई हलल्या नाहीत. उज्वलाने शेषेरावकाकांना फोन लावला. काकांनी विचारले, पानाला ओळी किती धरल्या आहेत? संगणकात अठ्ठावीस होत्या. माझा कागद पंचवीस ओळींचा होता. जागा संपली की मी पुढचे पान ओढतो, काय राहिले ते मला कळत नाही. खालच्या तीन ओळी मी गाळल्या होत्या.

उज्वलाने ओळींचा आकडा बदलला आणि मी तिसऱ्यांदा छापले. ताईंनी हळूहळू मोठ्याने वाचले, "तसेच मुखेड येथील राहते घर व ओसरीवरील दुकानाची जागा."

भुजंग खाली बसला.

"मी तसं लिहायला सांगितलं न्हवतं," तो म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "पण लिहिलेलं दिसलं होतं मला. बोललो न्हाई."

"शेत तुझंच हाय, दादा," ताई म्हणाल्या. "घर न्हाई देणार."

त्याने तिथूनच वकिलाला फोन करून त्या ओळी काढायला सांगितल्या. दोघे एकाच एसटीने मुखेडला परत गेले. वाटेत काय बोलले ते मला माहीत नाही. आठ दिवसांनी नवा कागद घेऊन पुन्हा दोघे आले. तो मी एकदाच छापला. ताईंनी शेवटच्या शब्दापर्यंत वाचला आणि मगच त्या सही करायला गेल्या.

मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखा कोणी चादरीखाली पडला असेल तर त्याला अधूनमधून चालवा. छापण्याआधी आत लावलेला कागद आणि संगणकातली मापे जुळतात का ते बघा, रुंदीही आणि ओळीही. छापून झाले की पान वाचणाऱ्याच्या हातात द्या आणि त्याला वेळ द्या. त्याचे बोट एखाद्या ठिकाणी अडले, तर आधी यंत्र तपासा. त्याला घाई करू नका.