राहण्याचं कलम

“हे कलम खोडा, बाई.”

बारामतीच्या वकीलबाई प्राचीताईंनी चष्मा वर सारला. “मोहनकाका, असू द्या तेवढं. घर आणि द्राक्षबाग ट्रस्टमध्ये गेली, की ती तुमची राहत नाही. म्हणून तुमच्या हयातीत तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क लिहिलाय.”

“माज्या घरात मला ऱ्हायला कागद? सगळं लासुर्णं गाव हसंल की!”

मोहनराव साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं कारकून होते. बैलगाडीच्या चाकांची कुरकुर ऐकून ते उसाचं वजन सांगायचे आणि काटा थोडा विचार करून तेच म्हणायचा. असा माणूस ऐकतोय कुणाचं? आपल्यामागं बायकोला कुणी घराबाहेर काढू नये, म्हणून तर जिवंतपणीच हा ट्रस्ट करायचा होता. घर-बाग छबूबाईच्या हयातीपर्यंत तिची, तिच्यानंतर दोन्ही मुलांची; पुन्हा मोडता येणार नाही, असं पक्कं. आपण तिच्याआधी जाणार यात त्यांना शंकाच नव्हती. दहा वर्षांनी मोठे, वर शुगर.

शेजारी बसलेली छबूबाई पदर सावरत म्हणाली, “आवं, पन मी सवाष्ण जानार हाय. दर वटपुनवेला फेऱ्या काय उगं मारल्या व्हय?”

“तू गप. वडाला बी कळतं कुनाचं ऐकायचं ते.”

वडानं छबूबाईचंच ऐकलं. दीड वर्षानं एका दुपारी द्राक्षाचे घड विरळताना ती बसल्या जागी गेली. हिरव्या लुगड्यात, मळवट भरून तिला नेली. बायका म्हणाल्या, नशीब काढलं.

तेराव्यानंतर मोहनराव दोन्ही मुलांना घेऊन बारामतीला गेले. वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला.

“म्हंजे घर आता...”

“मुलांचं झालं, काका.”

“आन् मी?”

वकीलबाईंनी जुन्या मसुद्याचं पान पुढं सरकवलं. राहण्याच्या हक्काच्या, आडव्या रेघा मारून खोडलेल्या चार ओळी, आणि शेजारी मोहनरावांची ठसठशीत सही.

“आबा, कागदाचं काय घिऊन बसलाय?” थोरला अविराज म्हणाला. “आमी हाय की.”

“व्हय, व्हय,” धाकटा ज्ञानेश म्हणाला. “ऱ्हावा की तुमी, बिनघोर.”

पोरं गुणाची. त्यात खोट काढायला जागा नव्हती. मोहनरावांनी मान हलवली. राग आला नाही, रडूही नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबूबाईचा फोटो चौकट लावून आला. मोहनरावांनी खिळा घेतला, हातोडी घेतली, सोप्यातल्या भिंतीवर बोटानं जागा चाचपली. हातोडी उचलली आणि खाली घेतली.

अविराज दारात दात घासत उभा होता.

“अवि, हितं खिळा मारू का रं?”

त्याचा ब्रश तोंडातच थांबला. “आवो आबा, इचारायचं काय त्यात?”

“तसं न्हाय,” मोहनराव म्हणाले. “मारू का?”

आणि फोटो काखेत धरून ते उत्तराची वाट बघत उभे राहिले.