शेवटची चाळीस पानं

जोधपूरहून चंदीगडला सामान हलवताना विंग कमांडर चारुदत्त देवस्थळींनी बायकोच्या पुस्तकांच्या दोन्ही ट्रंका भंगारवाल्याला देऊन टाकल्या. शशिकला तेव्हा मिरजेला होती, आईच्या तेराव्यासाठी. परतल्यावर तिनं विचारलं, तर म्हणाले, "ट्रकमध्ये जागा नव्हती. आणि सगळी वाचून झालेलीच होती ना?"

गोल्फचा संच मात्र रजईत गुंडाळून सुखरूप आला होता.

त्या पुस्तकांच्या समासात तिच्या मास्तर वडिलांच्या पेन्सिलीच्या टिपा होत्या. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांना वाटलं, विसरली.

याला सहा वर्षं झाली. यंदा जानेवारीत असं धुकं पडलं की समोरच्या घराचं फाटकही दिसेना. गोल्फ बंद झालं. डॉक्टरांनी त्यांची छाती तपासून बजावलं, "जब तक धुंध है, घर से बाहर नहीं निकलना." चौथ्या दिवशी टीव्हीचाही वीट आला.

"अगं, काहीतरी वाचायला दे. चांगलंसं."

शशिकलानं कपाट उघडलं. सहा वर्षांत तिनं एकेक करून पुन्हा एक कपाट भरलं होतं आणि त्याची किल्ली ती स्वतःपाशी ठेवायची. कंटाळवाणं काहीतरी देऊन सूड उगवणं सोपं होतं, पण त्यानं काय झालं असतं? त्यांनी ते बाजूला टाकलं असतं. तिला त्यांना आधी गोडी लावायची होती.

सवय नसलेल्याला पहिल्याच पानावर कुणीतरी संकटात सापडलेलं लागतं. म्हणून तिनं आधी बर्फात हरवलेल्या गिर्यारोहकाची बारीकशी गोष्ट दिली. ती एका दिवसात संपली. मग एका कोर्टकज्जाची कादंबरी दिली, ती दोन दिवसांत संपली. मग तिनं खालच्या कप्प्यातला जाडजूड ठोकळा काढला. कोकणातल्या एका म्हाताऱ्या वैद्याला कुणीतरी विष घालतं, घरात तीन मुलगे आणि एक सून.

चारुदत्त हीटरशी पाय ठेवून, माकडटोपी घालून वाचत बसले. चहाच्या वेळी आपण होऊन सांगू लागले, "मला धाकट्याचा संशय येतोय. तुला?"

लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. पुस्तकाबद्दल ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. शशिकलाला बरं वाटलं. क्षणभर वाटलं, जाऊ दे, सोडून द्यावं.

तेवढ्यात ते म्हणाले, "असली पुस्तकं आधी का नाही आणलीस गं? पूर्वी तुझ्याकडे नुसती जुनी रद्दीच असायची."

ती कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र मंडळातली वंदना निरोप घ्यायला आली. तिच्या नवऱ्याची आसामात जोरहाटला बदली झाली होती. गाड्या धुक्यानं दहा-बारा तास उशिरा धावत होत्या. "काकू, प्रवासात पुरेल असं जाडसं काही आहे का?" चारुदत्त आंघोळीला गेले होते. त्यांच्या खुर्चीवरचं पुस्तक शशिकलानं उचललं, खुणेसाठी घातलेला त्यांचा रुमाल काढून त्याची घडी केली आणि पुस्तक वंदनाच्या हातात ठेवलं. "परत पाठवायची गरज नाही हं."

ते बाहेर आले. उशा, सोफा, वर्तमानपत्रं, सगळं उलथंपालथं केलं.

"माझं पुस्तक कुठंय?"

"दिलं वंदनाला."

"दिलं? अगं, चाळीसच पानं उरली होती!"

"म्हणजे बहुतेक वाचून झालंच होतं ना?"

 हळूहळू त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना जोधपूर आठवलं हे तिला कळलं, आणि छातीत काहीतरी गरम, गोड पसरलं. ते तिनं दाबलं नाही.

संध्याकाळी त्यांनी वंदनाला फोन लावला. ती अंबाल्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत होती. "काका, मी आत्ता कुठे दुसऱ्या प्रकरणावर आलेय. काही सांगू नका हं!"

आठवड्यानं ऊन पडलं. वंदनाकडून पुस्तक अर्धं वाचून गाडीतच विसरलं होतं. त्यांनी पुण्याला दोन दुकानांत फोन करून विचारलं. पुस्तक छापणं कधीच बंद झालं होतं. शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"शशी, तेव्हा माझं चुकलं. खरंच चुकलं. विष कुणी घातलं, एवढं तरी सांग."

माफी तिनं ऐकली. ती खरी आहे हेही तिला कळलं. तिनं मेथी निवडणं थांबवलं नाही.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

अजूनही तिनं सांगितलेलं नाही. ते अधूनमधून विचारतात, कधी लाडीगोडीनं, कधी चिडून. तिला दर वेळी तितकंच बरं वाटतं.