लिंबाला बांधलेला लाल दोर

घाबरले आहे, म्हणून बोलतेय. मी मोटरबोट, आर्वीकडच्या एका धरणाच्या काठाला बांधलेली.

माझा जन्म दूर कोकणात, फायबरच्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरानं माझ्या कडेवर पट्टी ठोकली: 'सहा माणसे'. इंजिनाच्या बटणात एक लाल, पीळदार दोर अडकवला. त्याचं दुसरं टोक चालकाच्या मनगटाला बांधायचं. चालक पाण्यात पडला, की दोर निसटतो आणि इंजिन बंद पडतं. एवढासा दोर, पण त्यावर जीव अवलंबून.

रूपरावांनी मला मोठ्या हौसेनं घेतलं. माणूस प्रेमळ. लाइफ जॅकेटं मळतील म्हणून त्यांनी ती प्लास्टिकसकट घरच्या कपाटात ठेवली. सून छायानं नोंदणीचं, विम्याचं, चालवायच्या परवान्याचं विचारलं, तर हसले.

"काय वं छाया, बैलबंडीले कोनी लायसन मागते काय?"

दसऱ्याला माझी पूजा झाली. तो लाल दोर पाहून त्यांना वाटलं, नजर लागू नये म्हणूनच कंपनीनं दिला असेल. त्यांनी मोकळ्या टोकाला लिंबू-मिरची बांधली आणि समोरच्या काचेवर टांगली.

मागच्या रविवारी वळण घेताना ते उभे राहून काठावरच्या कुणाला तरी हात करत होते. तोल गेला, पाण्यात पडले. इंजिन चालूच. मी त्यांच्याभोवती गोल गोल फिरू लागले. माझ्या पंख्याचं पातं त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून जात होतं, आणि मला थांबता येत नव्हतं! माझ्यात बसलेली छाया किंचाळली. हाताला आलं ते तिनं धरलं, ते लिंबू होतं. दोर बटणातून निघाला. मी थांबले.

काठावर आणल्यावर रूपराव खोकत म्हणाले, "पाह्यलं? लिंबानं वाचवलं!"

"मामाजी, लिंबानं नाई, दोरानं! तो हाताले बांधाचा असते."

"तेच तं म्हनतो. उद्या ताजं लिंबू आनजो."

आज रूपरावांच्या नातीचा, छायाच्या मुलीचा वाढदिवस. माझ्यात नऊ जण बसलेत. चढण्याआधी छाया काठावरून म्हणाली होती,

"मामाजी, सहाच लिवले हायेत. घरून जॅकेटं तरी आना."

"आजच्या दिवशी असं बोलू नको. बस."

पोर आधीच चढली होती, म्हणून छायाही चढली.

मालकांनो, मला घेतलंत तेव्हा माझ्यात बसणाऱ्यांचे जीवही तुमच्या हवाली झाले. कायदा तेवढंच सांगतो. तो पोलिसांच्या भीतीनं पाळू नका, या पोरीसाठी पाळा.

पाणी माझ्या कडेपासून वीतभरच खाली उरलंय. दोर पुन्हा बटणात अडकवून काचेवरच्या ताज्या लिंबाला बांधलाय, रूपरावांचं मनगट मोकळंच आहे. किल्ली फिरली. मी थरथरतेय, सगळ्यांना वाटतंय, इंजिनामुळे.

छाया, लिंबू तुझ्या हाताशी आहे. अजून काठ जवळ आहे.

ओढ.