संक्रांतीचं काळं जाकीट

करेनच्या आईचं नाव निघालं की सुलेखाच्या कपाळाची शीर तडतडायची. करेन म्हणजे तिच्या बारा वर्षांच्या लेकीची, प्रतिमाची, एडिसन गावच्या शाळेतली जिवलग मैत्रीण. करेनचं कुटुंब दर हिवाळ्यात ऑस्ट्रियाला स्कीइंगला जायचं, आणि परत आलं की महिनाभर सुलेखाच्या घरात प्रतिमाच्या तोंडी तेच पुराण. करेनची आई उलटी स्की करते. करेनची आई डोंगरावर बसून सूप पिते.

"पिऊ दे," सुलेखा म्हणायची. "मी पण पितेच की, स्वयंपाकघरात उभी राहून."

प्रतिमा त्यांच्याबरोबरच जवळपासच्या टेकड्यांवर जाऊन स्की करायला शिकली होती. यंदा करेनच्या आईने सरळ फोनच केला. फेब्रुवारीच्या सुट्टीत प्रतिमालाही ऑस्ट्रियाला नेऊ का?

आता सुलेखाला ऑस्ट्रियाचं काही वावडं नव्हतं. दुखणं निराळं होतं. पोरगी हल्ली मॉलमध्ये आईच्या पुढे पुढे चालायची. मराठीत हाक मारली तर "मॉम, प्लीज" म्हणून मान खाली घालायची. एकदा ही त्या लोकांबरोबर गेली की पुढचे सगळे हिवाळे त्यांचेच, आणि आपण उरणार गाडीतून ने-आण करायला, हेच सुलेखाला दिसत होतं. नवऱ्याला, शैलेंद्रला सांगून पाहिलं तर तो म्हणाला, "यार सुलेखा, मुलं मोठी होतातच." झालं! एवढाच काय तो आधार.

मग तिने पोरीपुढे अट टाकली. आधी एक ट्रिप आमच्याबरोबर. मजा आली तर फेब्रुवारीतही आपणच जाऊ. नाही आली तर जा खुशाल करेनबरोबर.

"ओके, डील," प्रतिमा म्हणाली. तिचा चेहरा बघून सुलेखाला कळलं की पोरीने मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली आहे.

एकोणनव्वद सालची संक्रांत शनिवारी आली होती आणि सोमवारी सुट्टी होती. शैलेंद्रने व्हरमाँटमध्ये स्कीच्या डोंगराच्या पायथ्याशी एक लॉज शोधून काढलं. ते चालवणाऱ्या हॉफरबाई ऑस्ट्रियाच्या होत्या, म्हणजे ऑस्ट्रिया पायाशीच आला म्हणायचा. बरं, संक्रांत म्हटल्यावर काळं नेसायला हवं, आणि बर्फात साडी कुठली नेसणार? सुलेखाने सेलमधून स्वतःसाठी काळं जाकीट घेतलं, काळी पँट घेतली, वर काळी टोपी. खिशात तिळाच्या लाडवांची पिशवी. प्रतिमाने मात्र आपलं पोपटी जाकीट काही सोडलं नाही.

शनिवारी सकाळी डोंगरावर पाहावं तो रंगांची नुसती जत्रा. गुलाबी, पोपटी, लिंबू रंगाची जाकिटं डोळ्यांत खुपत होती. काळ्या कपड्यांत होते ते फक्त स्की शिकवणारे मास्तर. हे सुलेखाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण तिचं सगळं ध्यान पायांतल्या त्या दोन लांबलचक फळ्यांवर लागलेलं.

"मॉम, मी वर जाते. यू डोन्ट हॅव टू वेट," म्हणत प्रतिमा तारेवरच्या पाळण्यात बसून वर निघून गेली. शैलेंद्रने लायब्ररीतून स्कीइंगचं पुस्तक आणून पाठ केलं होतं. त्या विद्येच्या जोरावर तो दोनदा आपटला, आणि मग गुडघा धरून लॉजमध्ये कॉफी प्यायला गेला. सुलेखा एकटीच नवशिक्यांच्या उतारावर पडत-उठत राहिली. करेनची आई उलटी जाते, मग आपल्याला सुलटं तरी जायला नको?

जेवणानंतर ती उताराच्या माथ्यावर दम खात उभी होती. तेवढ्यात गुलाबी जाकिटातली एक बाई आली, एक शेंबडं पोर तिच्या पुढ्यात उभं केलं, "धिस इज टॉड, ही हॅज हॅड हिज लंच," म्हणाली आणि गेलीसुद्धा. सुलेखा "बट आय..." म्हणेपर्यंत आणखी दोघं आली. मग आणखी. बघता बघता तिच्यामागे चिल्लीपिल्ली रांगेत उभी राहिली आणि आईबाप दिसेनासे झाले.

आता करायचं काय? लेकरांना वाऱ्यावर सोडून जाणं तिच्याच्याने होईना. तिने टॉडचं नाक पुसलं, कोणाची टोपी कानांवर ओढली, एकेकाच्या हातात तिळाचा लाडू दिला. पोरं खूश. खरे मास्तर येईपर्यंत असंच उभं राहायचं, असं तिने ठरवलं होतं. पण लाडू खाता खाता टॉड घसरायला लागला. त्याला धरायला सुलेखा वाकली मात्र, आणि तिच्याच फळ्या उताराला लागल्या. मास्तरीण निघाली म्हणताच मागून सगळी वरात निघाली.

थांबायचं कसं हे सकाळी कुणीतरी सांगितलं होतं, पण भीतीपुढे काही आठवेना. "स्टॉप! स्टॉप!" लोक ओरडत होते. एवढं तिलाही कळत होतं हो, पण कसं?

इतक्यात बाजूने एक पोपटी जाकीट भरकन आलं आणि गर्रकन वळून तिच्याकडे तोंड करून उलटं सरकू लागलं. प्रतिमा होती.

घाबरल्यावर आईच्या डोक्यात इंग्रजी शिरत नाही, हे पोरीला ठाऊक होतं. "आई, माझ्याकडे बघ," ती मोठ्याने म्हणाली. "खाली नको बघू. टाचा बाहेर ढकल. पुढची टोकं जवळ आण. अजून. आई, अजून ढकल."

सुलेखाने टाचा ढकलल्या. मागच्या पोरांना एक शब्दही समजला नाही, पण मास्तरीण करते ते करायचं एवढं समजलं. वेग मंदावत गेला, आणि हॉफरबाईंच्या लॉजच्या कुंपणाशी सगळी वरात एकामागून एक थांबली. फक्त टॉड तेवढा बसला.

खरा मास्तर धापा टाकत आला. तिच्या काळ्या कपड्यांकडे बघत त्याने प्रतिमाला विचारलं, या बाई कुठल्या स्की-स्कूलच्या?

"शी इज माय मॉम," प्रतिमा म्हणाली. भोवती ही गर्दी जमलेली. तिच्या वयाची पोरंही होती. पोरीने मान खाली घातली नाही. तिने आईचा हातही धरून ठेवला होता. सुलेखाला रडू आलं आणि गारठ्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

रात्री जेवताना हॉफरबाईंनी समोर सूप आणून ठेवलं. सुलेखाने चमचा खाली ठेवला. दुपारपासून तिच्या मनात जे घोळत होतं ते बोलून टाकलं.

"प्रतिमा, तू जा ऑस्ट्रियाला. ती अट-बिट सोड. मी उगाच घाबरले होते."

"कशाला घाबरलीस?"

"तू आमची राहणार नाहीस म्हणून."

प्रतिमाने पावाचा तुकडा मोडून सुपात बुडवला.

"फेब्रुवारीत नाही जमणार," ती म्हणाली. "करेनला मी सांगते, नेक्स्ट इयर. तुला आत्ता फक्त थांबता येतं, आई. वळायला कोण शिकवणार?"