निशाण वर, शिट्टी न्हाई

आमची कनेरगाव नाक्याची फुटबॉल टीम चार वर्षं सेमीफायनललाच मार खात आली. या कपात एकदा हरलं की बॅगा भरा आन घरी जा. मी जीप चालवतो, वय पस्तीस, गुडघे कामातून गेलेले. राणीला, म्हंजे बायकोला, कबूल केलं होतं की खेळायचं हे शेवटचं साल. यंदा फायनल खेळायचीच होती मला, खोटं काहून बोलू?

यंदाबी सेमीफायनलला आलो, सेनगावच्या मैदानावर समोर पुसेगाव. त्यांचा कीपर आजारी, म्हणून मुंजाजीला उभं केलेलं. मुंजाजी मूळचा व्हॉलीबॉलवाला, पंधरा वर्षं नेटवर काढलेला गडी. माझे तीन बॉल अडवले त्यानं. मी मनातल्या मनात लई शिव्या घातल्या.

शेवटची दोन मिनिटं राहिली, कोनाचाच गोल न्हाई. मला लांबून पास आला, मी मारला, मुंजाजीनं धरला. मी ऑफसाइड होतो, लाइनमननं निशाण वर केलं. पण बॉल कीपरच्याच हातात, म्हणून रेफरीनं शिट्टी न वाजवता खेळ चालू ठेवला. व्हॉलीबॉलात निशाण वर झालं की पॉइंट संपला. मंग बॉल नेटखालून समोरच्याकडं लोटून द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मुंजाजीनं तसाच लोटला, बराबर माझ्या पायाशी, आन मान खाली घालून शर्टाला हात पुसू लागला.

मी इचार केला न्हाई. मारला.

रेफरीनं गोल दिला. आमची पोरं माझ्या अंगावर पडली. तिकडं पुसेगाववाले मुंजाजीला नको नको ते बोलून राहिले होते. मी रेफरीपाशी गेलो. म्हणलं, "साहेब, त्याला वाटलं खेळ थांबला."

"शिट्टी वाजली का? नाही ना? मग गोल बरोबर आहे."

मंग मुंजाजीपाशी जाऊन उभा राहिलो. तो म्हणला, "हात आपोआप गेला रे, भीमराज. फायनल चांगली खेळ." त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला लई लाज वाटली.

जीपमधी बसलो तं राणीचा फोन.

"जिंकले का?"

"व्हय."

"गोल कोनी केला?"

"मुंजाजीनं."

"तो तं पुसेगावचा ना?"

"व्हय," म्हणलं, "त्यांचाच."