रिकामी म्हणण्याआधी

"रिकामी म्हणण्याआधी उघडून बघावं, सूनबाई. आणि बघितल्यावरही आत बोट घालून चाचपावं."

आबा हे म्हणाले तेव्हाही आश्विनच होता. आजऱ्याच्या डोंगरउतारांवर सुवर्णवर्णी, सुवर्णगंधी, स्वतःच्याच भाराने नम्र झालेलं भात डुलत होतं. शाल्मली तेव्हा नवी नवरी, कॉलेजची हवा अजून अंगात खेळत होती. खंडेनवमीच्या पाटावर मांडलेल्या त्या जुन्या रायफलीकडे बघून ती हसली होती. "आबा, शोभेची तर आहे ती." सासरेही हसले होते. आणि ते वाक्य सकाळच्या धुक्यासारखं उन्हात विरून गेलं होतं.

आता तिच्या कडेवर रेवू होती, तीन वर्षांची, पाऱ्यासारखी चंचल. आई झाल्यापासून शाल्मलीचे डोळे घरभर जागे असत. विहिरीच्या काठावर जागे, विळीच्या पात्यावर जागे, उतू जाणाऱ्या दुधावर जागे.

आणि आबा निःशब्द होते. चैत्रात झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाणी गेली. पाणी आटलेल्या झऱ्यासारखा तो माणूस खुर्चीत उरला.

"आता काय राहिलंय गं त्यांच्यात," शेजारच्या अक्काताई त्यांच्यासमोरच म्हणायच्या. "ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची, झालं."

यंदाच्या खंडेनवमीला सकाळीच रणधीरने, शाल्मलीच्या नवऱ्याने, पणजोबांची रायफल भिंतीवरून उतरवली. मुठीखाली लोखंडी कडं, नळीखाली काडतुसांची दुसरी नळी, अंगावर काळाची तांबूस साय. त्याने कडं दोन-तीनदा खाली ओढलं, वर दाबलं. खटक्, खटक्. काही बाहेर पडलं नाही. घोडा हलकेच उतरवून तो म्हणाला, "रिकामी." तेलाने पुसून ती गच्चीच्या कठड्याशी उन्हात ठेवली आणि तो झेंडू आणायला गेला.

ऊन चढलं. आश्विनाचं ऊन, पितळी ऊन, दगडालाही घाम फोडणारं ऊन. त्या खालच्या नळीच्या अंधारात पणजोबांच्या काळचं वंगण डिंकासारखं गोठून बसलं होतं. ते पाझरलं, सैल झालं. त्याच्या मिठीत वर्षानुवर्षं दबून राहिलेली स्प्रिंग जागी झाली, आणि तिने समोरचं ओझं पुढे लोटलं.

टक्.

चिमणीने दाणा टिपावा, एवढाच आवाज. पण शेजारच्या खुर्चीत आबा होते, आणि त्यांच्या कानांना तो आवाज ओळखीचा होता. त्यांचा डावा हात खुर्चीवर आपटू लागला. शाल्मली धावत आली, कपाळ चाचपून म्हणाली, "ऊन लागलं वाटतं तुम्हाला." झेंडू घेऊन परतलेल्या रणधीरच्या मदतीने तिने त्यांना खाली पडवीत आणलं, कोकम सरबत ओठांशी धरलं. आबांनी तोंड फिरवलं.

पडवीत पाट मांडला. विळे, कोयते, ट्रॅक्टरचा पाना आणि मधोमध ती कृष्णवर्णा, झेंडूमंडिता, कुंकुमांकिता. सगळे वाकले. रेवूही वाकली, वाकता वाकता तिची इवलीशी बोटं त्या कड्यात शिरली. "आजोबांची खटक्," ती म्हणाली.

त्याच क्षणी ताम्हन खणाणत फरशीवर घरंगळलं. आबांनी डाव्या पायाने लाथाडलं होतं.

"बघ," अक्काताई म्हणाल्या, "भानच नाही."

शाल्मलीने ताम्हनाकडे बघितलं नाही, तिने आबांचे डोळे बघितले. ते रायफलीवरून रेवूवर जात होते, रेवूवरून रायफलीवर. भान हरपलेली नजर अशा येरझाऱ्या घालत नाही. आणि धुक्यात विरलेलं ते वाक्य धुक्यातूनच परत आलं.

तिने रेवूची बोटं सोडवली. "हिला आत ने."

"अगं, मी स्वतः बघितलीय..."

"ने म्हणते ना."

परड्यातल्या मातीच्या बांधाकडे नळीचं तोंड करून ती आबांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसली. आबांचा डावा, जाणता हात तिच्या हातावर आला. त्याने तिचं बोट चापापासून दूर सारलं आणि बाकीची बोटं कड्यात नेऊन ठेवली. हळूहळू कडं खाली उतरलं.

लोखंडाच्या पोटात पहाट झाली. दाराची कडी सरकावी तसा खिट्टा मागे सरकला, त्याच्या रेट्याने घोडा वाकला, ताणला गेला, अंधार दुभंगला. आणि खालून, संथ, एक चिमुकला लोखंडी पाळणा वर आला. त्या पाळण्यात, हिरवट तांब्याच्या अंगाचं, एक काडतूस निजलं होतं.

कडं परत वर गेलं असतं, तर तेच काडतूस नळीत शिरून ताणलेल्या घोड्यासमोर जाऊन बसलं असतं. कडं उघडं धरून शाल्मलीने काडतूस उचललं, बाजूला ठेवलं. आबांचा हात तरीही तिच्या हातावरून हटेना. तिला कळलं. तिने करंगळी आत घातली, चाचपलं. गार लोखंड, आणि पोकळी. फक्त पोकळी.

तेव्हा आबांचे ओठ हलले. किती ऋतूंचं वंगण त्या ओठांवर गोठलं होतं.

"रि... का... मी."

अक्काताईंच्या हातातली झेंडूची माळ हातातच राहिली.

काडतूस रणधीरने ठाण्यात जमा केलं, आणि रायफल उघडून, साफ करून, कुलपात गेली. संध्याकाळी आबांनी रेवूचं नाव अर्धंच उच्चारलं. उरलेलं अर्धं रेवूनेच टाळ्या वाजवत पुरं केलं.

शाल्मली आता भेटेल त्याला विनवते, तुम्हालाही विनवते आहे. तुमच्या घरात, शेजारच्या घरात, खिडकीशी कुणी बसवून ठेवलेलं असेल, ज्याच्यासमोरच लोक म्हणतात, आता काय राहिलंय. आज एकदा जाऊन या. खुर्चीशी गुडघ्यावर बसा, डोळ्यांत बघा, त्या हाताखाली आपला हात ठेवा. थोडं ऊन येऊ द्या. कान देऊन थांबा, कारण आत, खोल आत, काही सैल होत असेल, काही सरकत असेल, अंधाराकडून उजेडाकडे, हळू, अगदी हळू...

टक्.